लांडग्याला घातलेला जोंधळा

लग्न होऊन शिवाजी पेठेत आले, तेव्हापासून मी कोल्हापूर फारसं सोडलेलं नाही. जोतिबाला जाते, नृसिंहवाडीला जाते, एकदा मिरजेला डोळे दाखवून आले. त्यामुळं संक्रांतीनंतर लेकीकडं आठ दिवस राहून परत आले, तर नळावर बायकांनी मला घेरलंच. काय बघितलंस, काय खाल्लंस, सांग म्हणाल्या. सांगायला गेले आणि लक्षात आलं की मी प्रत्येकीला वेगळंच सांगतेय. एकीला म्हटलं, मी लांडगा वाचवून आले. दुसरीला म्हटलं, माझ्यामुळं लांडगा मरणार होता. आता दोन्ही खरं आहे, पण एका तोंडानं दोन्ही कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. म्हणजे वाचणाऱ्याला कळो न कळो, मला तरी कळेल.

शाळेत मी गेलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद चुलीपुढं वाचत वाचत अक्षरं शिकले. तेव्हा चुकलं असेल तिथं सांभाळून घ्या. आणि त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, उगाच कुणाला त्रास नको.

सोमवार, एस.टी.त

माझी धाकटी शालन तिकडं असते. जावई सदाशिव म्हणजे आमच्या ह्यांच्या बहिणीचाच मुलगा, त्यामुळं मला मामीच म्हणतो. जंगल खात्यात गार्ड आहे. जंगल खातं म्हटल्यावर मला वाटलं होतं झाडी असेल, हरणं असतील. यांनाही चला म्हटलं, तर म्हणाले, "रविवारी मॅच हाय." आमच्या पेठेत फुटबॉलपुढं लेक-जावई कोण विचारतो?

कागलपर्यंत दोन्ही बाजूला ऊसच ऊस. गुऱ्हाळाचा वास एस.टी.त शिरला आणि सगळी गाडी गोड झाली. शेजारच्या बाईनं बसता बसता माझ्या पिशवीवरच बैठक मारली, तिळगुळाच्या वड्यांचा भुगा झाला. शालनच्या गावात मी सगळ्यांना तिळगूळ चमच्यानं वाटला, ही माझी पहिली ओळख.

कागल मागं पडलं, गाडी पुढं फाट्यावरून वळली आणि ऊस संपला. कसा संपला म्हणाल तर कुणी धोतर फेडून घ्यावं तसा. एकदम उघडा माळ. कुसळं, खडक, मधूनच एखादी बाभळ, आणि कडेकडेनं शाळवाची, म्हणजे जोंधळ्याची रानं. लोकांची बोलीही बदलली. आई म्हणायच्या जागी अव्वा, मोठ्या भावाला अण्णा. मी उतरल्या उतरल्या सदाशिवला विचारलं, "तुझं जंगल कुठाय?" त्यानं हात लांब करून सगळा माळ दाखवला. जावयाला काय बोलायचं?

मंगळवार, माळावर

सकाळी कोवळा हुरडा खाल्ला, लसणाच्या चटणीबरोबर. आपल्याकडं पेठेत हुरडा येतो तो दुपारपर्यंत वाळून येतो, त्याला ह्याची सर नाही. मग सदाशिव म्हणाला, "मामी, चला, माझी माणसं दाखवतो." माझ्या पायात नवी कोरी कापशी चप्पल, करकर वाजणारी. कारागिराकडून मुद्दाम वाजणारी करून घेतली होती. थोडं पुढं गेल्यावर सदाशिवनं ती काढायला लावली. त्या काट्याकुट्यात मी अनवाणी, चप्पल छातीशी धरून. का, तर आवाज नको.

एका उंचवट्याआड आम्ही बसलो. समोर ओढा, त्याच्या पलीकडच्या काठात मातीची कपार, त्यात एक बीळ. बराच वेळ काही नाही. माझ्या पायात मुंग्या आल्या. आणि मग बिळातून चार भुरी पोरं बाहेर आली. कुत्र्याच्या पिल्लांसारखीच, कान मोठे. एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. थोड्या अंतरावर त्यांची आई बसलेली. मी आधी दगडच समजले तिला. एवढी हडकुळी! लांडगा म्हणजे मला वाटलं होतं वाघाचा भाऊ असेल. ही तर आमच्या गल्लीतल्या बाळंतीण कुत्रीसारखी दिसत होती, बरगड्या मोजून घ्याव्यात.

"मारायला बंदी हाय आता," सदाशिव हळू आवाजात म्हणाला. "कायदा झालाय."

मी म्हटलं, आमच्या लहानपणी तर लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. तेच सरकार आता मारणाऱ्याला धरणार? त्यानं मान डोलावली. मग मला विचारलं, लहानपणी चित्ते बघितले होते का. बघितले होते की! संस्थानच्या काळात शिकारीचे चित्ते डोळ्यांवर टोप्या घालून गाडीतून न्यायचे, आम्ही पोरी कडेला उभ्या राहून बघायचो. एकदा एकानं जांभई दिली तेव्हा मी रडले होते.

"आता कुठं हाईत ते?" त्यानं विचारलं.

मी विचार केला. खरंच कुठं आहेत? कुणी सांगितलं नाही, दवंडी पिटली नाही. होते, आणि मग नव्हते. मी इतकी वर्षं त्यांना विसरूनच गेले होते.

परतताना धनगरांच्या तळावर थांबलो. मायाक्का नावाची माझ्याच वयाची बाई, नाकात ही मोठी नथ, हात रापून काळे. तिनं मेंढीच्या दुधाचा चहा दिला. दाट, आणि वर तुपाचा तवंग. पहिल्या घोटाला नको वाटला, तिसऱ्या घोटाला आणखी मागितला. बोलता बोलता कळलं की याच लांडगीनं तिची दोन कोकरं नेलीत. मला वाटलं आता ही शिव्या देणार. तर म्हणते, "त्याचा वाटा असतोय की, आक्का. लंगडं, दुखणाईत त्योच आधी वळखतोय. मला कळायच्या आधी."

"आणि धडकं नेलं तर?"

"तर मी दगुड मारती." आणि हसायला लागली.

आता सांगा, जिचं गेलं तीच असं म्हणते. मी घरी येईपर्यंत याचाच विचार करत होते, आणि चप्पल हातातच राहिली होती हे दारात आल्यावर कळलं.

बुधवार, दारात लांडगा

सदाशिव सकाळीच सायकल मारत दुसऱ्या गावी गेला. सात गावांना तो एकटा. शालन ओढ्यावर धुणं घेऊन गेली. मी उंबऱ्यात बसून शाळू पाखडत होते. हलगी वाजत आली. बघते तर एक उंच, पटकेवाला माणूस, मागं चारपाच जण, आणि त्यांच्या खांद्यावर बांबूला बांधलेला लांडगा. जिवंत नव्हे. पेंढा भरलेला, जुनाट, ठिकठिकाणी केस गेलेले, आणि एका डोळ्याच्या जागी सागरगोटा बसवलेला.

आता माझं बघा. आमच्या आईनं शिकवलंय, दारात नंदीबैल येवो, वासुदेव येवो, कुणी रिकाम्या हातानं जाता कामा नये. आणि माझ्या माहेरी असा लांडगा दारात यायचा, हे मला आठवत होतं. ज्यानं शेळ्यामेंढ्यांचा चोर मारला, त्याला बायका धान्य घालायच्या. मी विचारच केला नाही. समोरचं सूप उचललं, सूपभर जोंधळा त्यांच्या झोळीत ओतला. वर आणि आत जाऊन हळदकुंकू आणलं, त्या सागरगोट्याच्या वर कपाळाला लावलं. मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पटकेवाल्यानं मला विचारलं, "तुमी गार्डसायबांच्या घरच्याच नव्हं?"

"सासू मी त्यांची," मी म्हटलं, आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

हलगी एकदम जोरात वाजायला लागली.

शालन धुण्याची बादली घेऊन परत आली, तिनं झोळीचं ऐकलं आणि बादली तिथंच ठेवून खाली बसली. मग तिनं सांगितलं ते असं. तो पटकेवाला म्हणजे शिदगोंडा. पेंढ्याचा लांडगा त्याच्या बापानं कायद्याच्या आधी मारलेला. बीळ खणून, धूर कोंडून पिल्लं मारायची असली की आधी हा लांडगा घरोघरी फिरवायचा, ही या गावची पद्धत. ज्या घरानं दाणे घातले ते घर शिकारीत आलं. मग कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही, सगळं गाव मिळून झाकायचं. पण एका जरी घरानं दाणे घातले नाहीत, तर शिकार निघत नाही. कारण ते घर उद्या बोलू शकतं. आणि दोन वर्षं ते एक घर म्हणजे आमच्या सदाशिवचं घर. भाड्याचं का असेना, गावानं घरातच धरलेलं. त्यानं कुणावर केस केली नाही, कुणाला दटावलं नाही. नुसते दाणे घातले नाहीत. तेवढ्यावरच ते बीळ दोन वर्षं टिकलं होतं.

आणि मी सूपभर ओतले. वर कुंकू लावलं.

दुपारी सदाशिव आला. शालननं सांगितलं. तो पायरीवर बसून बूट काढत होता, एक काढला होता. त्यानं तो परत घातला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "तुमची काय चूक मामी. मीच सांगाय पायजे होतं." शुक्रवारी पहाटे निघतील, असं तो म्हणाला. आधी एक दिवस हत्यारं-लाकडं गोळा करतात. मी विचारलं, "तू गार्ड आहेस ना? धर त्यांना." तर म्हणाला, "धरीन की. पिल्लं मेल्यावर धरीन. साक्षीला कोण येणार? माझ्याच घरचे दाणे झोळीत हाईत."

मी पदर खोचला आणि निघाले. कुठं म्हणून शालननं विचारलं, तर मलाही ठाऊक नव्हतं.

बुधवारीच, गौरव्वाच्या चुलीपाशी

शिदगोंडाचं घर शोधायला लागलं नाही, लांडगा कुडाला टेकवून ठेवला होता. अंगणात माणसं बसलेली. मी सरळ म्हटलं, "अण्णा, मी पाहुणी. मला तुमची पद्धत माहीत नव्हती. माझा जोंधळा परत द्या."

असं कुणी मागितलं नव्हतं म्हणे आजवर. दिलेलं परत मागणारी बाई कशी असते ते बघायला दोन पोरी दारात आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आमच्या पेठेत कुणी ऐकलं तर? शिदगोंडा उठला, पोतं आणून माझ्यापुढं ठेवलं. साऱ्या गावचा जोंधळा त्यात एकत्र.

"वळखा आन न्या, पावणीबाई," तो म्हणाला. "तुमचा कुठला, शेजारणीचा कुठला?"

मी पोत्यात हात घातला. काय ओळखणार? दाण्यासारखा दाणा. मागं कुणीतरी हसलं. तेवढ्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. मी आत डोकावले. शिदगोंडाची बायको गौरव्वा चुलीपुढं बसली होती. त्याच पोत्यातलं पहिलं दळण तिनं जात्यावर काढलं होतं, शिकारीच्या माणसांना घालायला. शेजारी एक मोकळा खुंटा, त्याला तुटकं दावं.

ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तितं माजी शेळी हुती. गाभण. दुसऱ्याच दिशी व्यायची हुती. कायदा तुमच्या जावयानं लांडग्याला दिला, माज्या शेळीला कुटला कायदा हाय?"

मी तिच्या शेजारी बसले. खुंट्याकडं बघितलं की माळावरची ती चार पोरं आठवायची, पोरांकडं मन गेलं की खुंटा दिसायचा. म्हटलं, "गौरव्वा, मला माझा जोंधळा ओळखता येईना. पण पोत्यात आहे तसा या पिठातही आहे. माझ्या वाटणीची भाकरी मला दे. मी इथंच खाते, म्हणजे माझं मी परत घेतलं."

तिनं थापता थापता हात थांबवला. मग तव्यावरची भाकरी काढून माझ्यापुढं ठेवली, वर ठेचा, कांदा फोडून दिला, आणि लोटकंभर ताक. पाहुणीला जसं द्यावं तसं. मी अंगणातून दिसेल अशी बसून सगळी खाल्ली. भाकरी कशी होती विचाराल, तर अशी भाकरी मी कोल्हापुरात करत नाही. काठ पातळ, पापुद्रा सुटलेला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्याचंच होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

गुरुवार, चावडीपुढं

आणि इथून जो गोंधळ सुरू झाला तो काही विचारू नका.

अर्धे म्हणाले, बाईनं आपलं दिलेलं परत खाल्लं, गार्डाचं घर शिकारीतून बाहेर. शिकार मोडली. बाकीचे म्हणाले, असं कसं? शिकारीची भाकरी खाल्ली म्हणजे बाई स्वतःच शिकारीला निघाली. आता घरानं दाणेही दिले आणि भाकरीही खाल्ली, दुप्पट आलं. एक म्हातारा म्हणाला, पाहुणीच्या दाण्याला मोजायचंच कशाला, ती या घरची नव्हेच. दुसरा म्हणाला, मग तिच्या भाकरीलाही मोजू नका. शिदगोंडा म्हणाला, "माज्या चुलीवर खाल्लीया. आता मी तिच्या जावयाच्या इरुद्ध कसा जाऊ?" त्याचाच भाऊबंद म्हणाला, "मग माज्या चुलीवर खाल्ली न्हाय, मी जातो."

बुधवारची संध्याकाळ गेली, गुरुवारचा आख्खा दिवस गेला. लाकडं कुणी गोळा केली नाहीत, सगळे चावडीपुढं. मला दोनदा बोलावलं, तुमच्या मनात काय होतं सांगा म्हणाले. मी एकदा सांगितलं की परत घेतलं. दुसऱ्यांदा सांगायला गेले तर माझंच मला खात्रीनं सांगता येईना. भाकरी परत घेतली हे खरं, पण गौरव्वाचं मीठ खाल्लं हेही खरंच ना?

दुपारी मी करकरत्या चपलांनिशी मायाक्काच्या तळावर गेले. तिला सगळं सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, मला चहाही दिला नाही. उठली आणि वाघर गुंडाळायला लागली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. मेखा उपटल्या, घोड्यावर बिऱ्हाड लादलं, कुत्र्यांना शीळ घातली. निघताना एवढंच म्हणाली, "जागा बदलाय झालीच हुती."

शुक्रवार

चावडीचा निकाल लागला नाहीच. शेवटी ज्यांना जायचं त्यांनी जावं असं ठरलं, आणि पहाटे सहा जण कुदळी घेऊन गेले. त्यांत शिदगोंडा नव्हता. सदाशिव त्यांच्या मागं सायकल घेऊन गेला, आणि सदाशिवच्या मागं मी, शालन नको नको म्हणत असताना.

ओढ्याच्या काठावर, बिळाच्या अगदी तोंडासमोर, मायाक्काचा तळ पडलेला. मेंढरं, कुत्री, चूल, पोरांची रडारड. एवढ्या गोंगाटात लांडगीनं आपली पिल्लं कधीच हलवली होती. ओढ्यातल्या ओल्या मातीत तिचे पाय उमटले होते, जाताना, येताना, परत जाताना. सदाशिव उकिडवा बसून ते बघत होता. चार खेपा, म्हणाला. चारही नेली.

त्या माणसांनी रिकाम्या बिळात एकदोन कुदळी मारल्या, येऊन काहीच केलं नाही असं नको म्हणून. मग मायाक्कानं त्यांना चहा दिला आणि ते तिथंच बसून पुन्हा त्याच भाकरीवरून भांडायला लागले.

मी मायाक्काला विचारलं, मुद्दाम केलंस ना? ती वाघरीकडं बोट दाखवून म्हणाली, "एक कोकरू कमी हाय बग. जाताना घिऊन गेली." आणि यावेळी हसली नाही.

रविवार, परतताना

निघायच्या दिवशी शालननं लसणाच्या चटणीची पुडी दिली, हुरडा दिला. एस.टी.ची वाट बघत फाट्यावर उभी होते तर लांबून गौरव्वा आली. चालत, डोक्यावर काही नाही, पदराखाली सूप. माझ्या पिशवीत तिनं सूपभर जोंधळा ओतला, काठोकाठ, मी ओतला होता तेवढाच.

मी म्हटलं, "अगं, माझा मी खाल्ला होता की."

"त्यो माजा हुता," ती म्हणाली. "पावणीला घातलेला. ह्यो तुमचा."

मग मी विचारलं, हे परत दिलंस म्हणजे गावाच्या हिशेबी काय झालं? सदाशिवचं घर आत की बाहेर? ती म्हणाली, ते बाप्ये बसलेत चावडीवर, त्यांना विचारा. शेळीचं मी काढलं नाही, तिनंही काढलं नाही. सदाशिवनं वरच्या साहेबांना लिहिलंय की ज्याचं जनावर लांडग्यानं नेलं त्याला काहीतरी भरपाई द्या. उत्तर यायचंय. एस.टी. आली. तिनं मला दंडाला धरून चढवलं आणि जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

तो जोंधळा डब्यात घालून फळीवर ठेवलाय. परवा पीठ संपलं तेव्हा ह्यांनी विचारलं, डब्यात आहे की, दळत का नाहीस? मी डबा काढला, झाकण उघडलं, हात घातला. लेकीच्या गावची पहाट, तो ओढा, तो रिकामा खुंटा सगळं त्या डब्यातून वर आलं. झाकण लावून मी दुकानातून पीठ आणलं.

चैत्रात गौरव्वाला माहेरपणाला बोलवायचं म्हणते. आली तर तिच्यापुढं बसून याच जोंधळ्याची भाकरी करीन, पापुद्रा सुटला नाही तरी. कुणाच्या वाटणीची, ते तिनं ठरवावं.